सर्व्हर चालू होता

"चाचणीची आता काही गरज राहिलेली नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला.

मामा म्हणजे माझे सासरे, भगवानराव पिसाळ. जानाई दूध संघाचे सरव्यवस्थापक. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात, पण संघाच्या फाटकातून आत शिरलं की मी त्यांना साहेब म्हणायचो. तसं कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. त्या सकाळीही मी त्यांना लांबूनच नमस्कार केला होता आणि कराडातल्या ‘कणसे कॉम्प्युटर्स’चा मालक म्हणून, दुसरा कुणीही बसला असता तसा, टेबलाच्या खालच्या टोकाला बसलो होतो.

माझ्यासमोर पद्मजा मगदूम होत्या. सांगलीच्या. व्यवसाय माझ्यासारखाच, पण पसारा मोठा. साखर कारखान्यांची, मिरजेतल्या हॉस्पिटलांची कामं त्यांच्याकडं होती. संघाला नवे सर्व्हर आणि नेटवर्कचे स्विच घ्यायचे होते आणि गाळून गाळून शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो.

सर्व्हर कशाला म्हणतात हे आता सगळ्यांना माहीत असतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून दूध येतं, त्याचं वजन, त्याची फॅट, ते कुणाच्या गोठ्यातलं, हे सगळं जिथं जमा होतं ते यंत्र. स्विच त्यामानानं बिचारा. पाटाएवढं चपटं खोकं, पुढं भोकांची रांग, त्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाकडं धाडायचा ते तो पाहतो. सर्व्हर सगळे कौतुकानं बघायला येतात. स्विच बंद पडेपर्यंत तो आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

संघाचा स्विच आदल्या उन्हाळ्यात बंद पडला होता. ऐन सकाळी. टँकर आवारात येऊन लागलेले, पण दूध उतरवायच्या धक्क्यावरचे संगणक आंधळे झालेले. वजन घेता येईना, नमुना तपासला तरी नोंदवता येईना, आणि हातानं काम कसं करायचं हे नव्या पोरांपैकी कुणाला येत नव्हतं. सांगलीहून माणूस येईपर्यंत दोन टँकरांतलं दूध फाटलं. ते गटारात सोडताना केंद्रांवरची माणसं कडेला उभी राहून बघत होती. अध्यक्ष तात्या येडगे तिथंच म्हणाले होते की, पुढची खरेदी होईल तेव्हा माझ्यासमोर वायर ओढायची, आणि तरी काम चाललं तरच ते यंत्र संघात येईल.

ती चाचणी त्या दिवशी होणार होती. आम्ही दोघांनी आपापलं सामान आणून संगणकाच्या खोलीत मांडलं होतं आणि सकाळचं दूध नोंदवताना त्याच नोंदी आमच्या यंत्रांवरही येतील अशी सोय केली होती. आणि मामा म्हणत होते, गरज नाही.

"प्लांट चालू असताना असले खेळ नकोत," ते पुढं म्हणाले. "दोन्ही सामान मी बघितलंय. कणसेंचा सर्व्हर ताकदीनं जवळजवळ दुप्पट आहे. उद्या संघ वाढला तरी पुरेल. माझी शिफारस त्यांच्यासाठी आहे."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पिसाळसाहेब म्हणत्यात तर मग राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मामांनी एखादी गोष्ट पाहिली म्हणजे ती पाहून झाली, असा संघात इतक्या वर्षांचा रिवाज होता.

इथं मला आनंद व्हायला हवा होता. ते काम मला फार हवं होतं. लोक संगणक घरबसल्या मागवायला लागले होते. दुकानात येणारं गिऱ्हाईक नुसतं विचारून जायचं. कॉलेजचं देखभालीचं काम हातचं गेलं होतं. संघाच्या कामासाठी मी महिनाभर राबलो होतो. सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून कुठल्या सर्व्हरचा प्रोसेसर किती वेगाचा, कुणाची मेमरी किती वाढते, गरम किती होतो, असं एकेक ताडून पाहिलं होतं. माझा सर्व्हर खरंच उत्तम होता. स्विच मी साधाच निवडला. तिथं जे पैसे वाचले ते सर्व्हरला लावले. मामांकडं मी शब्द टाकला नव्हता. उलट निविदा भरण्याआधी घरी जाऊन सांगितलं होतं की, मामा, तुम्ही यात पडू नका, माझं मी बघतो. त्यांनी मान हलवली होती. त्यामुळं आपण शेवटच्या दोघांत आलो ते आपल्या जोरावर, अशी माझी समजूत होती आणि आठवडाभर त्या समजुतीवर मी बरा जेवत होतो.

मगदूमबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, चाचणी होणार असं आम्हाला कळवलं होतं. मी त्यासाठीच दोन सर्व्हर आणि दोन स्विच आणलेत. एक पडला तर दुसऱ्यानं उचलायचं, अशी जोडणी आहे. ते बघितल्याशिवाय तुलना कशी होणार?"

"मॅडम," मामा म्हणाले, "तुम्ही सांगलीहून खोकी घेऊन आलाय. आम्ही इथं दूध सांभाळतो. काय बघायचं आणि काय नाही, ते आम्हाला शिकवू नका. एकाच्या जागी दोन लावले की कुणालाही मोठं दिसता येतं."

मामा असं बोलणाऱ्यांतले नव्हते. ते शिपायालाही अहो म्हणायचे. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, राग नव्हता त्यात, नुसतं पाहिलं, आणि समोरची वही मिटली. तेवढ्यात माझ्या शेजारचे एक संचालक खाली वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "घरचं माणूस असलेलं बरं असतं. कधीही हाक मारली की हजर." दोघंतिघं हसले. प्रेमानंच हसले. एकानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या हातानं मला कळलं की इथं सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी लांबून नमस्कार करत होतो, खालच्या टोकाला बसत होतो, साहेब साहेब म्हणत होतो, आणि सगळी खोली ते एखाद्या लहान मुलाच्या नाटकाकडं बघावं तसं समजुतीनं बघत होती. जावई अडचणीत आहे, सासरा हात देतोय. माझे कान तापले. मान वर करवेना. टेबलावरच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता, तोही बघवेना.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"साहेब, चाचणी व्हावी," मी म्हणालो.

"कणसे, बसा."

"आधी माझ्या सामानाची घ्या."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता. आज मला वाटतं, ती विनवणी होती. तेव्हा मला ती दिसली नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा माणूस मला चारचौघांत दुबळा ठरवतोय.

"पिसाळसाहेब, पोरगा सोताच म्हंतोय तर बघू की," तात्या म्हणाले आणि टोपी घालून उठले. मग सगळेच उठले.

संगणकाची खोली शीतगृहाला लागून होती. काचेतून पलीकडचा धक्का दिसायचा. टँकर लागले होते आणि माझ्या पडद्यावर नोंदी सरकत होत्या: गाव, लिटर, फॅट, गाव, लिटर, फॅट. माझा सर्व्हर मध्यभागी, काळा, देखणा. मगदूमबाईंचे दोन सर्व्हर त्याच्यापुढं शाळकरी वाटत होते. मला धीर आला. मी तात्यांना म्हणालो, "कुठलीही ओढा."

तात्यांनी बाईंना विचारलं, "काय ओढू?"

"आदल्या उन्हाळ्यात जे गेलं होतं तेच," त्या म्हणाल्या. "स्विच."

तात्यांनी माझ्या स्विचची वायर धरली आणि विळ्यानं गवत कापावं तशी एका झटक्यात काढली.

पडद्यावरच्या नोंदी थांबल्या. शेवटच्या गावाचं नाव अर्धवट राहिलं. मी वाट पाहिली. काय होणार होतं कुणास ठाऊक, पण मी वाट पाहिली. सगळे माझ्याबरोबर थांबले. सर्व्हर चालू होता. त्याचा पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागलेला होता, त्याला काहीही झालेलं नव्हतं. फक्त त्याच्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं.

तात्यांनी हातातल्या वायरीकडं पाहिलं आणि विचारलं, "आन् आता ह्ये टँकर काय करायचं?"

मी वायर परत घ्यायला हात पुढं केला. त्यांनी ती दिली नाही.

बाईंच्या सामानातला एक स्विच काढला तेव्हा पडदा डोळा मिटून उघडावा एवढाच अडखळला आणि पुढं चालू लागला. मग त्यांनी आपल्या हातानं एक सर्व्हरही बंद केला. नोंदी चालूच राहिल्या. कुणी शाबास म्हटलं नाही. आता प्रश्न यंत्रांचा राहिला नव्हता.

तात्या मामांकडं वळले. "पिसाळसाहेब, हे तुम्हाला ठावं हुतं?"

मला खरंच वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी माझा सर्व्हर मोठा आहे एवढंच पाहिलं असणार. सामान्य माणूस तेवढंच बघतो. पण ते उत्तर देईनात, आणि त्यांचा हात खिशातला रुमाल शोधायला लागला. मी घाईनं म्हणालो, "तात्या, मीच साहेबांना विनंती केली होती की..."

"नाही," मामा म्हणाले. "त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही. मला ठाऊक होतं. म्हणूनच चाचणी काढली."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"कुणाच्याही नाही. माझ्या मनानं."

धक्क्यावर टँकरचा पाइप लावल्याचा आवाज आला. तात्यांनी ती वायर माझ्या हातात दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरं. चला, दूध आलंय," आणि बाहेर गेले. त्यांच्यामागं संचालक गेले. मामा सगळ्यात शेवटी गेले. दारातून जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

सामान आवरायला मी आणि मगदूमबाई उरलो. त्यांचं सामान तिथंच राहणार हे आता उघड होतं, तरी त्यांनी मला माझा सर्व्हर गाडीपर्यंत न्यायला हात लावला. तो जड होता, एकट्यानं उचलला नसता. गाडीशी आल्यावर मी त्यांची माफी मागितली, आत मामा जे बोलले त्याबद्दल.

"ते तुम्ही बोलला नव्हता," त्या म्हणाल्या. मग ओढणीला हात पुसत म्हणाल्या, "सर्व्हर तुमचा चांगला आहे. स्विच हलका घेतलात. आणि एक सांगते, तुम्ही चाचणी मागितली म्हणून मला काम मिळालं असं मी मानणार नाही. माझं सामान चांगलं होतं."

"होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि त्या परत आत गेल्या.

मला त्या संध्याकाळी सासुरवाडीला जाणं भागच होतं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून वृंदा, माझी बायको, आठवडाभर माहेरी होती आणि त्या दिवशी मी तिला न्यायचं ठरलं होतं. दिवसभर मी गाडी घेऊन इकडंतिकडं फिरलो. कृष्णेच्या घाटावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मामांनी चारचौघांत कबुली दिली तो क्षण सारखा डोळ्यांसमोर यायचा. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. साऱ्या नोकरीत त्यांच्या शब्दावर कुणी प्रश्न विचारला नव्हता, आणि पहिला प्रश्न माझ्यामुळं विचारला गेला. सकाळी मी उभा राहिलो तेव्हा आपण स्वाभिमानी माणूस आहोत असं मला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं.

दारात वृंदानं पाणी दिलं. ती खुशीत दिसत होती. आतून तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. तिनं शेवयांची खीर केली होती. कशासाठी केली होती ते विचारायची गरज नव्हती.

मामा आधीच पाटावर बसले होते. "या पाव्हणं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून आतल्या खोलीत पडल्या होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून की काय, आम्ही सगळेच हळू बोलत होतो. वृंदानं भाकरी वाढली, मटकीची उसळ वाढली, वाटीभर खीर ठेवली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मग वडिलांच्या. कुणी काही सांगेना तेव्हा तिनं विचारलं, "काय झालं आज?"

"झालं," मामा म्हणाले. "काम मगदूमबाईंना गेलं."

तिच्या हातातला पळा तसाच राहिला. "म्हणजे, चाचणी घेतली?"

माझा घास तोंडापाशी थांबला.

चाचणीचं मी तिला सांगितलं नव्हतं. कधीच नाही. काम मिळेपर्यंत घरी काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. संघाला सामान देण्याची बोलणी चाललीत, याच्यापलीकडं तिला काही माहीत असायला नको होतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं जीभ चावावी तसं केलं आणि खाली बघितलं. मामा भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

कुणी बोलायच्या आधीच मला सगळं आठवलं. एका दुपारी ती दुकानात डबा घेऊन आली होती. मी हेच सामान मांडून बघत होतो. तिचा पाय वायरीत अडकला, स्विच बंद झाला आणि समोरचे सगळे संगणक थांबले. ती घाबरली. "एवढं सगळं एका वायरीवर?" तिनं विचारलं होतं. मी हसून म्हणालो होतो, "तिथं कोण कशाला पाय अडकवतंय?" आणि वायर लावून डबा उघडला होता. मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

"वृंदा," मी म्हणालो, "तू मामांना सांगितलंस?"

तिनं पळा पातेल्यात ठेवला. "बाबांनी विचारलं, पाव्हण्यांचं सामान कसं आहे. मी म्हणाले, मला काय कळतं. मग ते म्हणाले, चाचणी घेणार आहेत, वायर ओढून." तिचा आवाज बारीक झाला. "मी म्हणाले, नका घेऊ. सगळं एका वायरीवर आहे, तेवढी नका घेऊ. हे काम गेलं तर हे मोडून पडतील."

मला वाटलं, आपण इथून उठून जावं. पण ताटावरून उठता येत नाही. सकाळी त्या खोलीतले सगळे मला दुबळा समजले याची मला लाज वाटली होती. ते परके होते. ही माझी बायको होती, आणि तिनं मला जवळून पाहून, नीट तोलून, तेच ठरवलं होतं. आणि तिचं बरोबर होतं. यंत्राबद्दलही, माझ्याबद्दलही. आणि दिवसभर मी कुणावर रागावलो होतो तर मामांवर.

मामा पहिल्यांदाच मान वर करून बोलले. "तिला बोलू नका. लेक बापाशी नाही बोलणार तर कुणाशी बोलेल? तिनं सांगायचं ते सांगितलं. ऐकायचं की नाही, ते माझ्या हातात होतं."

"मामा, तुम्ही तात्यांना म्हणाला, कुणाच्याही सांगण्यावरून नाही."

"मग काय सांगायला हवं होतं?" त्यांनी विचारलं. खरंच विचारल्यासारखं विचारलं.

त्यांनी खिरीची वाटी उचलली, सगळी संपवली आणि पोरीला म्हणाले, "चांगली झालीय. पाव्हण्यांना अजून वाढ." तिनं वाढली. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मीही ती सगळी खीर खाल्ली. तेवढंच आमच्या हातात होतं.

घरी परतताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. ओगलेवाडीचा उतार लागला. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. बाबांना सांगायच्या आधी."

"काय विचारलं असतंस?"

"की टिकेल का, म्हणून."

"मी टिकेल म्हणालो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

पुढचं थोडक्यात सांगतो. मगदूमबाईंचं सामान संघात बसलं आणि नंतर तिथं एकाही सकाळी टँकर अडकले नाहीत. मामांना कुणी काही बोललं नाही, पण खरेदीच्या बैठकांना तात्या त्यांना बोलावेनासे झाले. समोर आले की पूर्वीसारखेच साहेब म्हणायचे, चहा मागवायचे, आणि चहा झाला की उठायचे. मामा रोज वेळेवर जायचे, धक्क्यावर उभे राहायचे, घरी यायचे. सासूबाईंना वाटायचं, निवृत्ती जवळ आली म्हणून गप्प झालेत.

मी पावसाळ्यानंतर दुकान बंद केलं आणि स्वतःहून मगदूमबाईंना फोन लावला. त्यांनी फार विचारपूस केली नाही. सांगलीला या, म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली मी पुष्कळ काम केलं आणि शिकलो; दोन यंत्रांनी एकमेकांचं ओझं कसं उचलायचं, हे मला तिथं नीट कळलं. पुढं माझं स्वतःचं काम पुन्हा उभं राहिलं. पण मामांच्या निवृत्तीपर्यंत मी संघाच्या फाटकातून एकदाही आत गेलो नाही. मामांसमोरही कमीच यायचो. आलो तर ते हवापाण्याचं बोलायचे, आणि मी हो हो करायचो. वृंदा तर माहेरी जाणंच टाळायची. आईचं दुखणंखुपणं असेल तेव्हा जायची आणि वडील कामावर असताना परत यायची.

मामांच्या निरोप समारंभाला मात्र जावं लागलं. संघाच्या आवारात मांडव घातला होता. केंद्राकेंद्रांवरची माणसं आली होती, कुणी बैलगाडीएवढा हार आणला होता. मामांना फेटा बांधला, शाल दिली. तात्यांनी भाषणात त्यांच्या शिस्तीचे, दुधाच्या पारखीचे पुष्कळ दाखले दिले. सचोटीबद्दल ते काही बोलले नाहीत. ती गाळलेली जागा मांडवात बहुतेकांना दिसली नसेल. मामा, वृंदा आणि मी, आम्हा तिघांना दिसली.

मामा बोलायला उभे राहिले. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, धक्क्यावरच्या हमालांपासून. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं.

"या खुर्चीवर बसून माझ्या हातून एक गोष्ट वाकडी झाली," ते म्हणाले. "तात्यांनी मोठ्या मनानं ती आज काढली नाही, म्हणून मीच काढतो. मी मोहात पडलो होतो. माझ्या जावयानं मला त्यातून ओढून काढलं, सगळ्यांदेखत, स्वतःचं काम घालवून. त्याचा मला फार राग आला होता. अजून थोडा आहे." माणसं हसली. "पण संघाचं दूध वाचलं ते त्यांच्यामुळं. कणसे, उभे राहा."

मी उभा राहिलो. टाळ्या पडल्या. तात्याही टाळ्या वाजवत होते. तात्यांची मामांकडं बघण्याची नजर त्या वेळी बदलली, हे मी बघितलं आणि त्याचं मला बरं वाटलं. पण माझी स्वतःची मान काही वर होईना. लोक ज्याचं कौतुक करत होते तो माणूस मी नव्हतो. मी लाजेपोटी उभा राहिलो होतो, दुधापोटी नाही.

मी शेजारी पाहिलं. वृंदाची खुर्ची रिकामी होती.

ती मांडवाच्या मागं, टँकर धुतात तिथल्या नळापाशी उभी होती. तोंडावर पाणी मारून ती पदरानं टिपत होती, तरी तोंड कोरडं होत नव्हतं. मी जवळ गेलो आणि काही सुचेना म्हणून म्हणालो, "मामांनी माझं फारच कौतुक केलं."

"हो," ती म्हणाली. मांडवात अजून टाळ्या चालू होत्या. ती त्या संपेपर्यंत थांबली.

"आजसुद्धा त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं, माझं नाव घेतलं नाही."